आपल्या वस्तीतले फर्निचरचे दुकान

घर बांधून झाले म्हणजे संसार झाला असे नाही. चार भिंती उभ्या राहतात, वर छप्पर येते, दाराला कडी लागते. पण बसायचे कशावर? निजायचे कशावर? कपडे ठेवायचे कुठे, मुलाने अभ्यास करायचा कुठे? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की मग संसार मांडला गेला असे आपण म्हणतो. संसार ‘मांडायचा’ असतो, हा शब्दच पाहा किती नेमका आहे!

मांडायच्या या वस्तूंना आपल्याकडे पूर्वी एकच असे नाव नव्हते. पाट, चौरंग, खाट, बाज, पाळणा, फडताळ, देवघर अशी ज्याची त्याची नावे होती. आता या सगळ्यांना मिळून आपण फर्निचर म्हणतो. शब्द इंग्रजीतला खरा, पण आता तो आपल्या तोंडी बसला आहे. या फर्निचरचे दुकान आपल्या वस्तीत असते. त्याचा वस्तीला काय उपयोग, आणि तिथे जाताना आपण काय ध्यानात ठेवावे, ते या पाठात पाहू.

सुताराच्या मेटापासून दुकानापर्यंत

पूर्वी गावात बारा बलुतेदार असत. त्यांत सुतार हा महत्त्वाचा. नांगर, कुळव, तिफण, गाडीचे चाक, घराची चौकट, बाळाचा पाळणा, सारे काही त्याच्या हातचे. तो रोख पैसे घेत नसे. सुगी झाली की शेतकरी त्याला ठरलेले धान्य घाली. यालाच बलुते म्हणत. या पद्धतीत जातीपातीची बंधने होती, कारागिराला मोल ठरवायची मोकळीक नव्हती. तेव्हा जुने ते सगळे सोने असे म्हणायचे कारण नाही. पण एक गोष्ट होती. काम करणारा आणि काम करून घेणारा एकमेकांना ओळखत. नांगर मोडला तर कुणाकडे जायचे, हे विचारावे लागत नसे.

आता वारज्याकडे पाहा. वारजे हे पुण्याच्या पश्चिमेला मुठा नदीच्या काठचे गाव. १९९७ साली पुणे महानगरपालिकेची हद्द वाढली, तेव्हा आजूबाजूच्या पुष्कळ गावांबरोबर वारजेही शहरात आले. मुंबईहून बंगळुरूला जाणारा महामार्ग इथूनच जातो. शेतांच्या जागी इमारती झाल्या. कुणी मराठवाड्यातून आले, कुणी खानदेशातून, कुणी साताऱ्या-सांगलीकडून, तर कुणी परप्रांतातून. नांगर गेला, पण पलंग आला. तिफण गेली, पण शोकेस आली. खेड्यात सुताराचे मेट होते. शहरात फर्निचरचे दुकान आले.

वारज्याहून पुढे शिवणे, उत्तमनगर ही गावे लागतात. तीही २०१७ साली महानगरपालिकेत आली. नवी वस्ती वाढली की पहिल्यांदा कोणती दुकाने दिसतात? किराणा, औषधे, मोबाइल, आणि त्यांच्या पाठोपाठ गाद्या व फर्निचर. कारण उघड आहे. नव्याने राहायला आलेला माणूस पिशवीतून कपडे आणतो, पण गावाकडून कपाट उचलून आणत नाही.

दुकान एक, हात अनेक

दुकानात आपल्याला एक मालक आणि एखादा नोकर दिसतो. पण त्या एका दुकानावर किती घरे चालतात, मोजून बघा. लाकूड कापणारा गिरणीवाला. सुतार. पॉलिश करणारा. सोफ्याला कापड चढवणारा. गादी भरणारा. काच आणि आरसा बसवणारा. कपाटाला रंग मारणारा. सामान पोचवणारा टेम्पोवाला. जिना चढून कपाट वर नेणारे हमाल. एक पलंग विकला गेला की या सगळ्यांच्या हाताला थोडे थोडे काम मिळते. पैसा वस्तीतला, तो वस्तीतच फिरतो. संध्याकाळी त्याच पैशाने किराणा भरला जातो आणि मुलाची वही येते.

दुकानाचा दुसरा उपयोग दुरुस्तीचा. खुर्चीचा पाय निखळला, कपाटाची बिजागरी सैल झाली, पलंगाची फळी मोडली. अशा वेळी नवीन वस्तू घेणे म्हणजे काटा मोडला म्हणून पाय कापण्यासारखे आहे. दुकानात सांगितले की सुतार घरी येतो. पाचर मारतो, स्क्रू बदलतो, आणि वस्तू आणखी पाच वर्षे चालते.

तिसरा उपयोग जुन्या सामानाचा. भाड्याने राहणाऱ्यांची घरे वरचेवर बदलतात. जुने टेबल दुकानदार घेतो, डागडुजी करतो आणि दुसऱ्या गरजवंताला कमी पैशांत देतो. ज्याची मिळकत बेताची, त्याचाही संसार त्यामुळे मांडला जातो. पुण्यात मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार याच कामासाठी प्रसिद्ध आहे. तो रविवारी आणि बुधवारी भरत आला आहे.

चौथा उपयोग सार्वजनिक कामाचा. बालवाडीला छोटी बाके हवीत, वाचनालयाला मांडणी हवी, महिला मंडळाला टेबल हवे, गणपतीला चौरंग हवा. अशा वेळी मंडळाची माणसे आधी ओळखीच्या दुकानात जातात. कामाचे पैसे द्यावेच, पण थोडे मागेपुढे चालते. दूरच्या कंपनीशी असे बोलणे होत नाही.

आणि पाचवा उपयोग हिशेबात न मावणारा. दुकानाच्या दारात दोन खुर्च्या असतात. तिथे माणसे टेकतात. नवा आलेला माणूस विचारतो, ‘काका, इथे नळाचे काम कोण करतं? शाळा कोणती बरी?’ दुकानदार सांगतो. परक्या गावात पहिली ओळख अशी होते.

लाकूड ओळखावे

आता कामाची माहिती. फर्निचर घेताना वरचे पॉलिश पाहून भुलू नये. आत काय आहे ते विचारावे.

साग हे उत्तम लाकूड. त्यात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे वाळवी लवकर लागत नाही आणि पाण्याने ते सहसा वाकत नाही. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांचा साग नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहूनच साग गेला. शिसवही टिकाऊ आणि देखणे, पण महाग. बाभूळ कठीण, ती पूर्वी औजारांना व गाडीला वापरीत. आंब्याचे लाकूड स्वस्त मिळते, पण त्याला कीड लवकर लागते. पलंगाखाली पिठासारखा भुसा पडू लागला, तर समजावे की आत किडा आहे.

लाकूड कोणतेही असो, ते नीट वाळलेले पाहिजे. ओल्या लाकडाची वस्तू केली तर वाळताना ते आकसते. मग सांधे सुटतात आणि फळीला तडा जातो.

प्लायवूड म्हणजे काय? लाकडाचे पातळ पापुद्रे काढतात आणि एकावर एक चिकटवतात. एका पापुद्र्याचे धागे उभे, तर दुसऱ्याचे आडवे ठेवतात. त्यामुळे फळी सहसा वाकत नाही. प्लायवूडवर आय.एस.आय.चा शिक्का आहे का ते पाहावे. स्वयंपाकघरात किंवा ओल असेल तिथे पाण्याला टिकणारे प्लायवूड मागावे. त्यावर आय.एस. ७१० असा आकडा असतो. आकडे आणि अक्षरे वाचता येऊ लागली, त्याचा उपयोग हा असा करायचा!

पार्टिकल बोर्ड हा आणखी वेगळा प्रकार. लाकडाचा चुरा गोंदासारख्या पदार्थात कालवून, दाबून त्याची फळी करतात. ती स्वस्त आणि वरून गुळगुळीत असते. पण पाणी लागले की बिस्किटासारखी फुगते, आणि एकदा स्क्रू निघाला की त्या भोकात तो पुन्हा धरत नाही. मुठेच्या काठावर राहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्यातले हजारो संसार वाहून गेले. अलीकडे २०२४ च्या जुलैमध्येही सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत नदीचे पाणी घरांत शिरले. सागाचा पलंग भिजला तर तो सावलीत वाळवून बहुधा पुन्हा वापरता येतो. चुऱ्याच्या फळीचे कपाट भिजले की ते टाकूनच द्यावे लागते. तळमजल्यावर राहणाऱ्याने स्वस्त काय आणि महाग काय, याचा असा विचार करावा.

पत्र्याच्या कपाटाची गोष्ट निराळी. गोदरेज कंपनीने १९२३ साली लोखंडी कपाटे करायला सुरुवात केली. ती इतकी चालली की कुणाचेही कपाट असो, लोक त्याला ‘गोदरेजचं कपाट’ म्हणू लागले. चिकटवण्याचेही तसेच झाले. पूर्वी सुतार सरस उकळून वापरीत. तो जनावरांची हाडे आणि कातडे यांपासून करीत. १९५९ साली फेविकॉल बाजारात आला आणि सरसाचे भांडे हळूहळू चुलीवरून उतरले.

घनफुटाचा हिशेब

लाकूड घनफुटावर विकतात. हा हिशेब अवघड नाही. लांबी फुटांत घ्या. रुंदी आणि जाडी इंचांत घ्या. तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा.

समजा, फळी ६ फूट लांब, १२ इंच रुंद आणि १ इंच जाड आहे. ६ गुणिले १२ गुणिले १ म्हणजे ७२. ७२ भागिले १४४ म्हणजे अर्धा. म्हणून ती फळी अर्धा घनफूट झाली. एका घनफुटाचा भाव ३,००० रुपये धरला तर फळीचे १,५०० रुपये होतील. हा हिशेब आपल्याला येतो असे दिसले की समोरचा माणूसही आकडे जपून सांगतो.

हप्त्याचा हिशेब

रोख पैसे नसले की आपण हप्त्याने वस्तू घेतो. त्यात वाईट काही नाही. पण हप्ता किती एवढेच न विचारता, एकूण किती हे विचारावे.

समजा, कपाटाची रोख किंमत १२,००० रुपये आहे. दुकानदार किंवा कर्ज देणारी कंपनी म्हणते, ‘महिन्याला फक्त १,१५० भरा. बारा महिने.’ ऐकायला गोड वाटते. आता गुणाकार करा. १,१५० गुणिले १२ म्हणजे १३,८००. म्हणजे १,८०० रुपये जास्त गेले.

ते म्हणतील, ‘व्याज वर्षाला फक्त १५ टक्के.’ इथे थोडे थांबा. पूर्ण १२,००० रुपये आपल्याकडे वर्षभर राहतात का? नाही. दर महिन्याला आपण काही रक्कम फेडत जातो. पहिल्या महिन्यात १२,००० देणे असते, शेवटच्या महिन्यात सुमारे हजारच उरते. म्हणजे सरासरीने साडेसहा हजारांच्या आसपास रक्कम आपण वापरली, आणि व्याज मात्र १२,००० वर भरले. खरा दर २५ टक्क्यांच्याही वर जातो. म्हणून सही करण्याआधी कागद वाचावा. वाचता येत नसेल तो भाग दुसऱ्याकडून वाचून घ्यावा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये.

लग्नातले सामान

फर्निचरच्या दुकानात सगळ्यात जास्त गर्दी केव्हा असते? लग्नसराईत. पलंग, गादी, कपाट, ड्रेसिंग टेबल, सोफा, असा सारा ‘संसारसेट’ एकदम विकला जातो. आणि विकत कोण घेतो? बहुधा मुलीचा बाप.

लेकीला प्रेमाने एखादी वस्तू द्यावी, याला कुणाची हरकत नाही. पण पुष्कळदा ते प्रेम नसते, ती मागणी असते. ‘आमचं काही मागणं नाही, तुमच्या मुलीलाच होईल’ असे गोड शब्दांत सांगतात आणि यादी हातात ठेवतात. मग बाप कर्ज काढतो. पलंगाचे पॉलिश उतरते, तरी हप्ते उतरत नाहीत. धाकट्या मुलाची शाळा त्या हप्त्यांत अडकते.

वाचकहो, हे नीट समजून घ्या. आपल्या देशात हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ साली झाला. हुंडा म्हणजे नुसते रोख पैसे नव्हेत. लग्नासाठी मागून घेतलेला पलंग, कपाट किंवा गाडी हाही हुंडाच. हुंडा घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही किमान पाच वर्षांची कैद आणि दंड सांगितला आहे. मागणी नसताना खुशीने दिलेल्या भेटी चालतात. मात्र त्या ऐपतीबाहेरच्या नसाव्यात आणि त्यांची यादी लिहून ठेवावी.

यात दुकानदारही चांगले काम करू शकतो. गिऱ्हाईक ओळखीचे असते. त्याची ऐपत दुकानदाराला ठाऊक असते. ‘भाऊसाहेब, एवढं मोठं घेऊ नका. आत्ता पलंग आणि कपाट न्या, बाकीचं पोरं आपल्या कमाईतून घेतील,’ असे दोन शब्द तो बोलला, तर त्या दिवशी विक्री थोडी कमी होईल. पण ते घर त्याला जन्मभर विसरणार नाही. मोबाइलवरचे दुकान असा सल्ला देत नाही. ते उलट सांगते, ‘आणखी हेही घ्या.’

मोठे दुकान आणि आपले दुकान

हल्ली मोठमोठी दुकाने निघाली आहेत. स्वीडनची आयकिया कंपनी २०१८ साली हैदराबादला आली आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईला. सुट्या फळ्या खोक्यात मिळतात. घरी नेऊन आपणच जोडायच्या. शिवाय मोबाइलवर मागवले तर वस्तू दारात येते. भाव छापलेला असतो, नमुने पुष्कळ असतात. हे सगळे सोयीचे आहे. ते नको म्हणण्यात अर्थ नाही.

मग वस्तीतल्या दुकानाने टिकावे कसे? त्याने आपले काम चोख केले पाहिजे. लाकूड कोणते ते खरे सांगावे. पक्के बिल द्यावे. किती वर्षांची हमी, ते बिलावर लिहावे. दिलेली तारीख पाळावी. सामान पदपथावर मांडून चालणाऱ्यांची वाट अडवू नये. म्हातारी माणसे आणि शाळेची मुले त्यामुळे रस्त्यात उतरतात आणि जीव धोक्यात येतो. दुकान वस्तीचे म्हणायचे, तर त्याने वस्तीची काळजीही घेतली पाहिजे.

आपणही आपले कर्तव्य करावे. उधारी वेळेवर फेडावी. सुताराची मजुरी दाबून घासाघीस करू नये. आणि बिल मागायला लाजू नये. बिल असले तर दाद मागता येते. वस्तू खराब निघाली आणि दुकानदार ऐकत नसला, तर १९१५ या क्रमांकावर ग्राहक मदतवाहिनीला फोन करावा. तरीही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

हातातली कला

शेवटी सुतारकीविषयी. पुष्कळ आईबापांना वाटते, मुलाने रंधा हातात घेणे म्हणजे कमीपणा. हा समज सोडावा. चांगला सुतार आज शोधूनही लवकर मिळत नाही. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. आठवी पास झालेल्याला तो घेता येतो. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ पासून पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत सुतारासह अठरा प्रकारचे कारागीर आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांची मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तीत तरतूद आहे. पुण्याच्या येरवडा कारागृहातही बंद्यांना सुतारकाम शिकवतात आणि त्यांनी केलेल्या वस्तू विक्रीला ठेवतात. ज्याचा हात चुकीच्या वाटेला गेला, त्यालाही ही कला पुन्हा माणसांत आणते. मग आपल्या मुलांनी ती का शिकू नये?

लाकडाचे दोन तुकडे जोडायचे असले की सुतार एकाला कुसू ठेवतो आणि दुसऱ्याला खाच पाडतो. दोघांनी थोडे थोडे झिजल्याशिवाय सांधा बसत नाही. दुकानदार आणि गिऱ्हाईक, जुने रहिवासी आणि नवे रहिवासी, यांचेही तसेच आहे. नुसत्या इमारती उभ्या राहिल्या म्हणजे वस्ती होत नाही. सांधा बसला म्हणजे वस्ती होते.

आता हे करून पाहा

१. एक फळी ८ फूट लांब, ९ इंच रुंद आणि २ इंच जाड आहे. ती किती घनफूट होईल?

२. एका टेबलाची रोख किंमत ९,००० रुपये आहे. हप्त्याने घेतले तर १,००० रुपयांचे १० हप्ते भरावे लागतात. किती रुपये जास्त जातील?

३. तुमच्या घरातल्या एका लाकडी वस्तूचे नाव लिहा. ती कशाची केली आहे, कुणी केली आणि किती वर्षे टिकली, ते चार ओळींत लिहा.

४. लग्नात सामानाची यादी मागणाऱ्यास तुम्ही काय उत्तर द्याल? वर्गात बोलून दाखवा.